उघाडीचा काना

बाईंच्या पर्समध्ये खडू असायचा. शाळेतला साधा पांढरा खडू, रुमालात गुंडाळलेला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, फळ्याशी संबंध उरला नव्हता, पण खडू काही सुटला नव्हता. पनवेलच्या बाजारातून त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे माझा जीव मुठीत. न्हावा शेव्याकडे निघालेल्या ट्रकांची भीती नव्हे, भीती पाट्यांची. एकदा उरण नाक्याजवळच्या एका गाडीवर 'गरमागरम वडपाव' असं रंगवलेलं होतं. बाई थांबल्या. पर्स उघडली, रुमाल सोडला आणि गाडीवाल्याच्या डोळ्यांदेखत 'ड'पुढे एक उभी रेघ ओढून दिली. तो म्हणाला, "मावशी, काय कमी होतं?" "काना," बाई म्हणाल्या. "मग चटणीत घालू का थोडा?" यावर बाई इतक्या हसल्या, की आम्हाला वडापाव खाल्ल्याशिवाय तिथून हलताच आलं नाही.

आम्ही ऑफिसात मागून त्यांना 'कानाबाई' म्हणायचो. हे त्यांच्या कानावर जाणारच होतं, आणि गेलंच. मी शरमेने लाल. त्या मात्र खुर्चीत सावरून बसत म्हणाल्या, "कानाबाई होय? चांगलं आहे की. वेलांटीबाई म्हणाला असतात तर मला जरा विचार करावा लागला असता."

आमचं ऑफिस पर्यावरण सल्लागारांचं. कुणाला मोठी वसाहत उभारायची असली, की सरकारी परवानगीआधी त्या जागेचा अभ्यास करून अहवाल द्यावा लागतो. हवा कशी आहे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, झाडं कोणती, शेजारी गाव कोणतं, आणि तुमच्या इमारती आल्या की या सगळ्याचं काय होणार. ते दिवस पनवेलच्या चारी बाजूंनी सिमेंटचे मिक्सर फिरण्याचे होते. करंजाड्यात रोज नवी इमारत उगवत होती, विमानतळ 'येणार, येणार' म्हणून जमिनींना पाय फुटले होते, आणि आमच्या टेबलांवर अहवालांचे ढीग. मी नुकतीच एमएस्सी होऊन तिथे चिकटले होते. घर लाईन आळीत, ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तोंड तिखट. साहेब म्हणायचे, ज्योतीला गिऱ्हाइकासमोर बसवू नका.

अहवाल इंग्रजीत असे. पण ज्या कामांना जनसुनावणी लागे, तिथे त्याचा सारांश मराठीतून छापून गावात ठेवायचा, असा नियम. गावकऱ्यांनी तो वाचावा, मग मांडवात येऊन काय म्हणायचं ते म्हणावं. आता हा सारांश कोण लिहिणार? आधी तो मुंबईहून कुणाकडून तरी करून यायचा. त्यात एकदा वाक्य आलं, 'बांधकामामुळे फरारी धूळ निर्माण होईल.' इंग्रजीत उडत्या धुळीला जो शब्द आहे, तोच पळून गेलेल्या गुन्हेगारालाही आहे. त्या भल्या माणसाने कोश उघडला आणि पहिला अर्थ उचलला. गावातल्या एकाने सुनावणीत उभं राहून विचारलं, "ही धूळ कुठल्या गुन्ह्यात पायजेल हाय?" मांडव हसून लोळला. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी मराठीच्या शिक्षिका शोधायला सुरुवात केली.

तशा बाई आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर जाड चष्मा. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावरची नावाची पट्टी पाहून म्हणाल्या, "ज्योति? र्‍हस्व? कोणी लिहिलं हे?" मी म्हटलं, "पेंटरने." "मग पेंटरची ज्योति वेगळी आणि तू वेगळी," असं म्हणून त्यांनी वेलांटी फिरवून ती दीर्घ केली. आई गं, काय राग आला होता मला! आज ती पट्टी माझ्या घरी आहे. खडूची वेलांटी केव्हाच पुसली गेली, मी ती रंगाने करून घेतली.

बाईंच्या कामाची एक तऱ्हा होती. लिहिलेला प्रत्येक परिच्छेद त्या जिना उतरून युसूफभाईंना वाचून दाखवत. युसूफभाई आमच्या इमारतीच्या तळाला शिवणकाम करत. मूळचे उरणकडचे कोकणी मुसलमान, अर्धं घरदार आखातात, आणि हे एकटे आपले पायमशीन चालवत बसलेले. बाई पायरीवर उभ्या राहून वाचायच्या. त्यांची नजर कागदावर कमी आणि युसूफभाईंच्या पायावर जास्त. मशीन थांबलं, म्हणजे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं. मशीन खडखडत राहिलं, की वाक्य बाद. 'प्रकल्पाचा सभोवतालच्या संवेदनशील ग्राहकांवर लक्षणीय आघात संभवत नाही' हे जुन्या भाषांतरातलं वाक्य त्यांनी मुद्दाम वाचलं, तेव्हा युसूफभाईंनी एक अख्खी बाही शिवून काढली. मग म्हणाले, "बाई, माफ करा, सगळं डोक्यावरून गेलं. मतलब काय?" मतलब एवढाच, की शेजारच्या शाळेला आणि दवाखान्याला फारसा त्रास होणार नाही. बाईंनी तसंच लिहिलं. मशीन थांबलं. "फारसा म्हणजे किती?" युसूफभाईंनी विचारलं. बाई वर आल्या आणि तोच प्रश्न त्यांनी साहेबांना विचारला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

साहेब माणूस चांगला होता, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना बोल लावायला नको. जन्म मराठी घरातला, शाळा इंग्रजी. मराठी बोलायचे उत्तम, लिहायची वेळ आली की पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचे. बाईंना ते थोडे भ्यायचे, म्हणजे शाळेत भ्यायचं राहून गेलं होतं ते आता भ्यायचे.

मग ती खाडीकाठची वसाहत आली. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावाला आता पाहुण्यांचा कंटाळा आला आहे. खाडीच्या बांधाला लागून गाव, भातशेती, जुनी मिठागरं, पलीकडे तिवरांची दाटी. शेजारची मोठी जमीन एका बिल्डरने घेतलेली. नुसत्या इमारती असत्या तर जनसुनावणी लागली नसती, पण मालकांना खाडीवर जेट्टीची हौस. जेट्टी म्हटल्यावर सुनावणी आली. म्हणजे बघा, श्रीमंतांच्या बोटींची हौस नसती तर गावाला कुणी विचारायलाही गेलं नसतं.

बाईंची दुसरी एक सवय या वेळी कामाला आली. गावांची, नाल्यांची, शेतांची नावं त्या इंग्रजीवरून कधीच लिहीत नसत. "इंग्रजीला काना कळत नाही गं," म्हणायच्या. मूळ मराठी नकाशा मागायच्या आणि भिंग घेऊन बसायच्या. त्या दिवशी मी शेजारच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. बाई एकदम म्हणाल्या, "ज्योती, इकडे ये. हे काय लिहिलंय वाच." बांधाच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'उघाडी'. "आणि आता इंग्रजीत बघ." इंग्रजीत त्याच ठिकाणी लिहिलं होतं, मोकळी जागा. आराखडा करणाऱ्या मुंबईच्या कुणा बहाद्दराने 'उघाडी'चं 'उघडी' वाचलं होतं. उघडी, म्हणजे उघडी जागा, म्हणजे मोकळी जागा. आणि जागा मोकळीच आहे म्हटल्यावर त्याने तिथे क्लब हाऊस बसवलं होतं. पोहण्याच्या तलावासकट.

मी पनवेलच्या गावठाणातली, मला उघाडी माहीत नव्हती. बाईंची पहिली नोकरी उरणकडच्या एका खाडीकाठच्या शाळेतली. त्यांनी सांगितलं, "अगं, उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटी लागली की ते उघडतं आणि शेतातलं, गावातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती आली की मिटतं, खारं पाणी आत येत नाही. हे दार बुजवलं तर पाऊस गावातच साचेल. घरात, चुलीत, शेतात." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "माझ्या शाळेत एका पावसाळ्यात उघाडी मोडली होती. पोरं आठवडाभर गुडघाभर पाण्यातून येत होती. एक काना खाल्ला रे मेल्यांनी, आणि अख्खं गाव बुडवायला निघाले!"

न पाहिलेल्या जागेबद्दल लिहायचं नाही, हाही त्यांचा हट्ट. म्हणून ओहोटीची वेळ बघून आम्ही रिक्षाने गेलो. बांधावरून बाई पुढे, मी मागे. उघाडीचं लाकडी दार पाण्याने ढकलून उघडलं होतं आणि आतलं पाणी खळखळत बाहेर चाललं होतं. तिथेच एक म्हातारी जाळं लावून चिंबोऱ्या धरत बसली होती. हिराबाई. लुगडं वर खोचलेलं, हात चिखलात. बाईंनी तिच्याशी गप्पा जोडल्या आणि शेवटी मास्तरकी केलीच, "तुम्ही इथे 'उघाडी' कशी लिहिता हो?" हिराबाईने आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघितलं. "आमी लिवत नाय बाय. आमी ती उघडतो."

परत येताना मी म्हटलं, "बाई, तिला सांगून का नाही टाकलं? तुमच्या दारावर क्लब हाऊस येतंय म्हणून?" बाईंनी बुटांचा चिखल झटकला. मग म्हणाल्या, "तोंडी सांगितलं तर ती अफवा होते. उद्या मालक म्हणतील, कोण म्हणालं? छापून आलं, तर त्यांना सुनावणीत उत्तर द्यावं लागेल. कागदावरच सांगू."

साहेबांना त्यांनी नकाशा दाखवला. साहेबांनी मालकांना फोन लावला. आतून फक्त साहेबांचं 'हो, हो, समजतंय' ऐकू येत होतं. बाहेर आले तेव्हा चेहरा पडलेला. "बाई, इंग्रजी अहवाल गेलाय. आता बदलायला ते तयार नाहीत. तुम्ही इंग्रजीत जे आहे तेच मराठीत करा."

"इंग्रजीत चूक आहे."

"मग चुकीचं भाषांतर करा. म्हणजे... चुकीचं नको. चुकीचं, पण बरोबर." साहेबांचा पार गोंधळ उडाला होता.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. वर्गात पोरगं चुकलं की त्या असंच करत असणार. म्हणाल्या, "साहेब, उघाडी हे त्या जागेचं नाव आहे. विशेषनाम. विशेषनामाचं भाषांतर करायचं नसतं, ते आहे तसं लिहायचं असतं. तुमचं नाव मी कधी इंग्रजीत फिरवते का?" आणि त्यांनी लिहिलं, 'उघाडीच्या जागी क्लब हाऊस व जलतरण तलाव बांधण्यात येईल.' बस्स. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. खाली जाऊन वाचलं. युसूफभाईंचं मशीन असं थांबलं, की सुई कापडातच राहिली. "या अल्ला," ते म्हणाले. "बाई, उघाडीवर? मग पाणी?" बाई वर आल्या, कागद साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी वाचलं. एकदा नकाशा बघितला आणि कागद छपाईला पाठवून दिला.

इथे गोष्ट सरळ संपली असती. पण पनवेलमध्ये सरळ काही होत असतं तर काय हवं होतं! प्रती गावात आणि सरकारी कचेऱ्यांत पोचवायचा शेवटचा दिवस. दुपारी डीटीपीवाले स्वतः गठ्ठे घेऊन आले. बाजारातले जुने गृहस्थ, कामाला चोख, आणि त्या दिवशी चेहऱ्यावर विशेष तेज. जाता जाता बाईंना म्हणाले, "बाई, तुमची एक चूक सुधारली बरं का! सगळीकडे 'उघाडी' पडलं होतं, मी 'उघडी' करून घेतलं. तुमच्यासारख्यांच्या हातून राहतं म्हणजे कमाल आहे."

मी किंचाळले. खरंच किंचाळले, खालून युसूफभाई वर धावत आले. बाईंनी प्रत उघडली. 'उघडीच्या जागी क्लब हाऊस व जलतरण तलाव बांधण्यात येईल.' गावातलं कोण याच्यावर थांबणार? वाचणारा म्हणेल, आहे कुठलीशी उघडी जागा, बांधतायत तर बांधू दे. बाई खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. "जन्मभर लोकांच्या चुका काढल्या गं. आज पहिल्यांदा कुणी माझी काढली, आणि तीही चुकीची!" मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी पर्स उघडली. खडू नव्हे, काळं पेन काढलं. "ज्योती, गठ्ठा सोड."

पुन्हा छापायला वेळ नव्हता, गाडी संध्याकाळी निघणार होती. 'घ' आणि 'डी' यांच्यामध्ये जागा ती केवढी! त्यात एक बारीक उभी रेघ घालायची, शिरोरेघेला टेकवून. बाई घालत होत्या, मी घालत होते. युसूफभाई दुकान बंद करून आले आणि मशीनमध्ये दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरून काने घालू लागले. डीटीपीवाले बिचारे ओशाळून कोपऱ्यात उभे होते, बाईंनी त्यांच्याही हातात पेन दिलं. "तुम्हीच खाल्लात ना? मग तुम्हीच वाढा."

एवढ्यात साहेब आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. सगळ्यांची पेनं थांबली. साहेबांनी नुसतं म्हटलं असतं, 'राहू द्या, छपाई झाली, पाठवून द्या,' तरी सगळं संपलं असतं. मालक खूश, साहेब सुटले. ते आमच्याकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढली, बसले, बाह्या वर केल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, नक्की कुठे द्यायचा?" बाईंनी त्यांचा हात धरला आणि पहिला काना गिरवून घेतला. साहेबांचे काने सगळे वाकडे आले. पण आले.

सुनावणी गावाजवळच्या मैदानावर होती. मांडव, खुर्च्या, कुरकुरणारा माईक. मी आणि बाई शेवटच्या रांगेत. बाईंनी माझा हात घट्ट धरला होता, तळवा ओला झाला होता. मालकांच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली, हिरवीगार झाडं, निळा तलाव. बोलणं संपल्यावर गावकऱ्यांना विचारलं. क्षणभर कुणीच उठेना. बाई पुटपुटल्या, "वाचलं नाही का गं कुणी?" आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूने हिराबाई उठली. हातात सारांशाची प्रत, घड्या पडलेली. माईक तोंडाला लावून म्हणाली, "सरपंचांनी आमाला ह्ये वाचून दाखीवलं. आमच्या उघाडीवर तुमचा क्लब येनार. मग पावसाचं पानी जायाचं कुठं? आमी काय तुमच्या तलावात पोवायला येयाचं?"

मांडव आधी हसला, मग भडकला. सगळे उभे राहून बोलू लागले. अधिकाऱ्यांनी हात वर करून शांत केलं आणि दोन्ही कागद समोर धरले. "इंग्रजीत मोकळी जागा लिहिलीय. मराठीत उघाडी, आणि काना हाताने घातलेला दिसतोय. सल्लागार कोण? यातलं खरं काय?"

साहेब उठले. पहिल्या रांगेतून मालकांची माणसं त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी माझ्या हातात नखं रुतवली. साहेबांनी कोटाचं बटण लावलं, सोडलं, आणि म्हणाले, "मराठी खरं आहे."

तेवढंच बोलले आणि खाली बसले. उघाडी राहिली. आराखडा फिरला, क्लब हाऊस रस्त्याच्या बाजूला गेलं, बांधाला हात लावायचा नाही असं परवानगीतच लिहून आलं. ते मालक पुन्हा आमच्या ऑफिसची पायरी चढले नाहीत. साहेबांनी त्याबद्दल बाईंना कधी ऐकवलं नाही. फक्त काही दिवसांनी स्वतः लिहिलेली चार ओळींची मराठी चिठ्ठी तपासायला दिली. बाईंनी लाल पेनाने ती रंगवली आणि खाली लिहिलं, 'प्रगती आहे.'

सुनावणीनंतर मांडव उतरवत होते तेव्हा हिराबाई आमच्याकडे आली. प्रत पुढे करून म्हणाली, "सरपंच सांगत हुते, तुमी एक रेघ मारली म्हनून कळलं. ती रेघ कोंची?" बाई धुळीत उकिडव्या बसल्या, पर्समधला खडू काढला आणि तिथल्या सपाट दगडावर मोठ्या अक्षरांत 'उघाडी' लिहिली. मग हिराबाईच्या हातात खडू दिला. हिराबाईने जाळं विणणाऱ्या बोटांत तो धरला आणि कान्यावर कान्याची रेघ गिरवली. पुन्हा गिरवली. "येवढीच?" ती म्हणाली. "एवढीच," बाई म्हणाल्या. "पण ती खाऊ द्यायची नाही कुणाला."

पुढे बाईंचे गुडघे गेले. आमचा जिना त्यांना चढवेना. मुलगा बंगळुरूला, तो येऊन घेऊन गेला. निघताना युसूफभाईंनी त्यांना अस्तराच्या उरलेल्या कापडाची एक चिमुकली थैली शिवून दिली, खास खडूसाठी, वर नाडी. बाईंनी ती उघडली, एक खडू काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "पाट्यांकडे बघत जा गं." मी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

अधूनमधून फोन व्हायचा. म्हणायच्या, "इथे मला कुठे चूकच दिसत नाही गं. सगळ्या पाट्या कानडीत. फार शांत वाटतं, आणि फार एकटं." मग इमारतीच्या वॉचमनच्या बायकोकडून अक्षरं शिकायला लागल्या. त्या वयात! एका फोनवर खूश होऊन सांगितलं, "त्यांच्याकडेही काना आहे. पण उभा राहत नाही, वळून बसतो." वळणारा काना त्यांना थोडा लबाड वाटत असावा. त्यानंतर फार दिवस फोन आला नाही, आणि मग आला तो मुलाचा. बाई गेल्या होत्या. मी खाली उतरून युसूफभाईंना सांगितलं. त्यांनी पाय उचलून मशीनवरून बाजूला ठेवला, आणि त्या दिवशी दुकानात परत मशीन चाललं नाही.

नंतर बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका कामाच्या पाहणीसाठी मी त्या गावाच्या बांधावर गेले. पलीकडे वसाहत उभी राहिली होती, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. उघाडीला आता सिमेंटची चौकट होती. आणि तिच्या शेजारी वसाहतीच्या सोसायटीने पत्र्याची छान पाटी लावली होती. लांबूनच मला वाचता आलं, 'उघडी. येथे कचरा टाकू नये.'

माझं डोकंच फिरलं. पुन्हा खाल्ला! तरातरा चालत गेले, पर्समधून रुमाल काढला, खडू काढला. जवळ गेले आणि थांबले. 'घ' आणि 'डी'च्या मध्ये काना होता. छापलेला नव्हे, तेलरंगाने ओढलेला, जाडजूड, जरा जास्तच लांब, शिरोरेघेच्याही वर गेलेला. उन्हापावसाने रंग विटला होता, म्हणून लांबून दिसला नव्हता इतकाच.

एक बाई बांधावर जाळं धूत होती. मी विचारलं, "हा काना कुणी घातला?"

"आमच्या सासूनी," ती म्हणाली. "हिराबाईनी. पाटी लावली त्याच सांजेला होडीचा रंग घेऊन आली. आता गुडघं धरल्यात, बांधावर येत नाय."

"त्यांना लिहिता येतं?"

"कुठलं ओ! सही पन आंगठ्याची. येवढी एक रेघच येती तिला."

मी तिथेच बांधावर बसले आणि मोठ्यांदा रडले. लाज वाटली नाही. ओहोटी लागली होती, दार उघडलं होतं, पाणी चाललं होतं. ती बिचारी जाळं टाकून धावत आली. "काय झालं ताई? काय चुकलं काय?"

"नाही गं," मी म्हटलं. "बरोबर आहे."